टपावरची चौथी सायकल

जीपच्या टपावर सायकल कशी बांधायची, हे सबंध रायगड जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं. तो माणूस म्हणजे मी!

हसू नका. पेणच्या बाजारात माझं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लोक काय करतात, सायकल टपावर आडवी टाकतात, वरून सुतळीचे चार फेरे मारतात आणि देवाचं नाव घेऊन निघतात. वडखळ येईपर्यंत सायकल एका दिशेला आणि तिचं हँडल दुसऱ्या! सायकल उलटी ठेवायची असते. सीट आणि हँडल खाली, चाकं आभाळाकडे. मग जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापायच्या आणि कॅरिअरच्या दांडीला आवळायच्या. एक हँडलला, एक सीटच्या नळीला, एक पुढच्या चाकाला. सुतळी धक्क्याला सैल पडते, ट्यूब उलट जास्त धरते. माझी बांधलेली सायकल गोव्यापर्यंत जाईल, पण हलणार नाही.

आणि दुसरी गोष्ट. माणसाचा चेहरा मी विसरतो, सायकल विसरत नाही. माझी बायको डेबोरा हिला हे मुळीच आवडत नाही. लग्नात तिच्या चुलत्यांनी मला मिठी मारली, तेव्हा मी म्हणालो होतो, "अरे, मागच्या मडगार्डला वेल्डिंग केलेली हिरवी सायकल ना तुमची?" तीस वर्षं होत आली, अजून ऐकून घेतो. पण हिरवी सायकल त्यांचीच होती!

हे एवढं सांगितलं, कारण चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत माझी ही दोन्ही कसबं एकाच दिवशी कामाला आली. त्याचं पुढे काय झालं, ते आता सांगतो.

माझं नाव रुबेन. आडनाव रोहेकर, दुकान पेणला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. एकेकाळी गावोगाव आमची घरं होती. मग एकेक जण इस्राएलला गेला आणि मागे राहिलो आम्ही थोडे, हट्टी किंवा आळशी. मी दुसऱ्यातला.

रोह्याचे आयझॅक काका पहिल्यातले. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रोह्याच्या आमच्या प्रार्थनालयाची किल्ली चाळीस वर्षं त्यांच्या कमरेला. पण मुलगी शीरा तिकडे इस्राएलात अश्दोदला, तिला मुलं झाली, ती दर पत्रात रडायची. शेवटी काका आणि सिपोरा काकी निघाले. गुरुवारी दुपारी बाराला मुंबईची गाडी दारात येणार, रात्रीचं विमान.

सोमवारी काकांचा फोन आला.

"रुबेन, गुरुवारी सकाळी सेफेर बाहेर काढावा म्हणतो."

सेफेर म्हणजे आमच्या धर्मशास्त्राची हाताने लिहिलेली गुंडाळी. पवित्र कपाटात असते. शनिवारी, सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेत ती उघडून वाचतात. पण त्याला आमच्यातले दहा पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत. नऊ म्हणजे शून्य! आणि रोह्यात उरले होते पाच.

"दोन वर्षं त्याला हात नाय लावला रे," काका म्हणाले. "एकदा उघडतो, वाचतो, मग जातो. नाय जमलं तर... तसाच जाईन."

'तसाच' म्हणताना त्यांचा आवाज असा झाला की मला दुकानात उभं राहून गलबलून आलं. मी म्हणालो, "काका, तुम्ही फक्त कपाट पुसून ठेवा. पाच माणसं आणायची जबाबदारी माझी!"

तेवढ्यात काकींनी फोन घेतला. "रुबेन, माणसं आण, पण मोजू नको हां! बोट करून तर मुळीच नको."

हा आमच्यातला जुना नियम आहे. माणसं मोजायची नाहीत, नजर लागते. काकींच्या माहेरी म्हणे एकदा कुणीतरी बोट करून मोजली आणि तिसऱ्याच दिवशी एक मामा विहिरीत पडला. मामा वाचला, पण नियम पक्का झाला. मग मोजायचं कसं? तर टोप्या मोजायच्या, ताटं मोजायची, चपला मोजायच्या.

मी ठरवलं, आपण सायकली मोजायच्या!

कारण हिशेब अगदी सरळ होता. शिवाची ट्रॅक्स जीप सांगितली होती, वर चांगलं लांबरुंद कॅरिअर असलेली. पेणहून मी. वडखळला अष्टमकर बंधू, ते रात्रपाळी संपवून कंपनीतून थेट सायकलवर नाक्यावर येणार. गडबला एलियाह मामा. मामांची सायकल एकदा पेणच्या बाजारातून चोरीला गेली होती, तेव्हापासून ते सायकल सोडून कुठेही जात नाहीत. लग्नाच्या मांडवातसुद्धा ती शेजारी उभी असते. आणि कासूला एझ्रा. त्याचं घर फाट्यापासून आत, म्हणजे तोही सायकलवर येणार. चार माणसं, चार सायकली. टपावर चार चढल्या की आपली दहाची बेरीज पूर्ण. नजर लागायची तर सायकलींना लागेल!

डेबोरा आदल्या दिवशीच एसटीने रोह्याला गेली, काकींना सामान बांधायला आणि प्रसादाचा मलिदा करायला. जाताना म्हणाली, "सायकलींवर सोडू नका. एकेकाचं तोंड बघून घ्या."

"तू तुझा मलिदा बघ," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी साडेसहाला निघालो. थंडी अशी होती की शिवाने स्वेटरवर स्वेटर चढवला होता आणि मी मफलरमधून फक्त नाक बाहेर ठेवलं होतं. वडखळला अष्टमकर बंधू उभे. डोळे अर्धे मिटलेले. मी दोन्ही सायकली टपावर घेतल्या, पट्ट्या आवळल्या. खाली उतरेपर्यंत दोघेही मागच्या बाकावर एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून घोरत होते. मी वर बघितलं. दोन.

गडबला एलियाह मामा. मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात होणार होतं.

"नीट बांध हां," मामा टपाकडे अंदाजाने बघत म्हणाले. "पडली बिडली तर मी बी उडी मारीन."

"मामा, गोव्यापर्यंत हलणार नाही!"

तीन.

एक सांगायला पाहिजे. त्या वेळचा आमचा हायवे म्हणजे खड्ड्यांना जोडलेला रस्ता. प्रत्येक खड्ड्याला टपावरच्या सगळ्या घंट्या एकदम वाजायच्या. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! पुढे चालणारी माणसं मागे सायकल आली समजून जरा बाजूला व्हायची, आणि वळून बघतात तर जीप. एक बाई तर शिवाला ओरडली, "अरं, हॉर्न विकलास काय!" पण सायकली तसूभर हलल्या नाहीत, हे नमूद करून ठेवतो.

आता कासू. एझ्राबद्दल थोडं सांगतो. पंधरा-सोळा वर्षं तो मुंबईत होता, गिरणीत. गिरणी बंद पडली, मागच्या वर्षी परत आला. त्याला मी शेवटचा पाहिला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होती. म्हणजे आता समोर आला तर मी काय ओळखणार? पण त्याच्या बापाची सायकल! ती मी माझ्या हाताने जोडली होती. चोवीस इंची, काळी, मागच्या कॅरिअरला मी बसवलेली पितळी पट्टी, हँडलला डावीकडे जरा झोक. तसा झोक दुसऱ्या कुठल्याही सायकलला नाही.

कासूचा फाटा यायच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे एक माणूस सायकल धरून उभा होता. कानटोपी, अंगावर शाल. त्याने हात केला.

मी सायकलीकडे पाहिलं. काळी. चोवीस इंची. पितळी पट्टी. डावीकडे झोक!

"थांबव, शिवा! आपला एझ्रा!"

मी खाली उडी मारली. "चल चल, उशीर झालाय! बस मागे!"

"रोह्याला जायाचं हाय," तो म्हणाला.

"मग आम्ही काय काशीला चाललोय? बस!"

तो बसला. मी सायकल टपावर चढवली आणि तिच्या पितळी पट्टीवरून प्रेमाने हात फिरवला. एवढ्या वर्षांत पोराने बापाची सायकल जपली, याचं मला फार बरं वाटलं. चार! दहाची बेरीज पूर्ण! मी पुढे शिवाच्या शेजारी जाऊन बसलो आणि हात चोळले.

फर्लांगभर गेलो नसू, तर ऐन फाट्यावर आणखी एक जण हात दाखवत उभा. धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधलेला. त्याच्याजवळ ती नवी आलेली सायकल होती, लाल, जाड टायरची, मडगार्ड नसलेली. अशा सायकलींबद्दल माझं मत सांगत नाही, बायका-मुलंही वाचत असतील. तो नुसता हात करत नव्हता, दोन्ही हात हलवत होता. उड्या मारत होता.

"जागा हाय की शेठ, घ्यायचा काय?" शिवाने वेग कमी केला.

"अजिबात नको! ही सीटा भरत जाणारी वडाप नाही."

मी खिडकीतून हात बाहेर काढला, पंजा हलवला आणि मोठ्याने ओरडलो, "गाडी फुल!"

तो मागून काहीतरी ओरडला. पण तेवढ्यात खड्डा आला आणि चारही घंट्या वाजल्या.

नागोठण्याहून आत वळलो, भिसे खिंड चढलो. मागून एलियाह मामांचा आवाज अखंड येत होता. मामा गप्प बसलेले मी फक्त ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर पाहिलेत, तेही आत जाताना. ते एझ्राला सगळं सांगत होते: अश्दोदला कांदे कसे मिळतात, कोकम कसं मिळत नाही, कोण गेला, कोण परत आला.

"व्हय," तो म्हणायचा.

"तुझा बाप असता तर आज पयल्या रांगेत असता."

"व्हय."

मामा पुढे वाकून माझ्या कानात म्हणाले, "अबोल झालाय रे पोरगा. नोकरी सुटल्याचं लागलंय मनाला."

रोह्याला पावणेनऊला पोचलो. काका दारात उभे. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी टोपी, किल्ली हातात. एकेक जण उतरत होता आणि काका बघत होते. मोजत नव्हते हो, नुसते बघत होते. शेवटचा उतरला तसे त्यांचे डोळे भरले. माझा हात धरून फक्त दाबला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला माझाच एवढा अभिमान वाटला की टपावरच्या सायकलीसुद्धा उतरवायचं सुचलं नाही.

आत गेलो. बायका पलीकडच्या खोलीत मलिद्याच्या कामात. प्रार्थना सुरू झाली. एझ्राजवळ नुसती कानटोपी, प्रार्थनेची टोपी मी दिली. प्रार्थनेची शाल काकांनी दिली. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही डाव्या हाताला चामड्याचा पट्टा गुंडाळतो. एझ्रा स्वतःच्या हाताकडे बघत उभाच राहिला, तेव्हा मामांनी तो चाचपडत त्याला बांधून दिला.

"विसरलास व्हय सगळं?" मामा हळहळले. "मुंबईनं पोरगा वाया घालवला!"

पण शिस्तीचा होता हो! आम्ही उभे राहिलो की उभा राहायचा, बसलो की बसायचा. तीन पावलं मागे जायची वेळ आली तेव्हा आमच्याबरोबर तीन पावलं मागे गेला आणि अष्टमकरांपैकी थोरल्याच्या पायावर उभा राहिला. थोरला जागा झाला. म्हणजे तोही फायदाच.

मग काका पवित्र कपाटापाशी गेले. पडद्यावर हात ठेवला. दोन वर्षांनी.

वाचनाच्या वेळी तिघांना मानाने पुढे बोलावतात, स्वतःचं आणि बापाचं नाव घेऊन. अमुक बेन तमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा अमुक. काकांनी आधी मामांचं नाव पक्कं केलं. मग माझं. मग वळून म्हणाले, "तिसरा मान एझ्राला. किती वर्षांनी आलाय लेकरू. बाबा, बापाचं नाव सांग तुझ्या, मला मेलं आता काही आठवत नाय."

"हैबतराव," तो म्हणाला.

काकांचा हात पडद्यावरच राहिला. "काय?"

"हैबतराव. कासूचे."

"एझ्रा बेन... हैबतराव?"

"मी कुठला एझ्रा?" त्याने कानांवर आलेली टोपी मागे सरकवली. "मी रघू. मिठागरावर असतो."

पलीकडच्या खोलीत नारळ खवण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"अरे, मग आत कशाला आलास?" माझ्या तोंडून निघालं.

"तुमीच म्हनला की, चला चला, उशीर झालाय!" रघू म्हणाला. बिचारा शांत होता. "मला वाटलं, जीपवाल्यांचा काय तरी कार्येक्रम हाय. मधनंच उठून गेलो तर बरं दिसत नाय. हाताला पट्टा बांधला, तवा वाटलं परेशर तपासतात."

"आणि ती सायकल? ती एझ्राच्या बापाची सायकल आहे! मी जोडलीय ती!"

"एझ्राकडनंच घेतली मी दिवाळीत. त्यानं आता नवी आनली ना. लाल."

लाल.

रघू निरागसपणे पुढे म्हणाला, "फाट्यावर उभा व्हता की तो. केवढा हात करत व्हता! तुमीच त्याला म्हनला, गाडी फुल."

दहा जोडी... नाही, अठरा डोळे माझ्याकडे वळले. मामांचा पट्टीखालचा धरून! दारात डेबोरा उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

काकांनी पडद्यावरचा हात हळूच काढला. "असू दे," ते म्हणाले. "असू दे रुबेन. तू प्रयत्न केलास." आणि पहिल्या बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदाने घेतल्या असत्या. पण ते 'असू दे' मला सहन होईना.

मी बाहेर धावलो. "शिवा! कासूला चल! हाण!"

"जायला तास, यायला तास. बाराला गाडी येनार ना काकांची?" शिवा म्हणाला. तरी तो जीपमध्ये चढला. रघूही मागोमाग आला. "मी येतो, त्याचं घर दावतो," म्हणाला. डोक्यावर माझी टोपी, अंगावर काकांची शाल, हाताला पट्टा. तो तसाच मागे बसला. शिवाने चावी फिरवली. जीप सुरू होईना. थंडीत एवढा वेळ उभी राहिली की ती नेहमीच रुसायची.

आणि तेवढ्यात घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग.

"वरच्या घंट्या," मी कपाळाला हात लावून म्हणालो.

"शेठ," शिवा म्हणाला, "गाडी तर उभी हाय."

मी मान बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी एक लाल सायकल. जाड टायरची. तिच्यावर एक माणूस, भुवयांपासून बुटांपर्यंत धुळीने माखलेला. कासूपासून भिसे खिंड ओलांडून तो पायडल मारत आला होता आणि खिंडीच्या प्रत्येक वळणाला त्याचा राग वाढत गेला होता, हे लांबूनही दिसत होतं. सायकल त्याने भिंतीवर टाकली आणि माझ्या अंगावर आला.

"गाडी फुल काय? गाडी फुल? ओळख ठेवत नाय? मी सहा वाजल्यापास्नं थंडीत उभा! प्रार्थनेला नाय आलो मी! तुला चार लोकांत शिव्या घालायला आलोय!"

"एझ्रा?" मी म्हणालो आणि त्याला मिठी मारली. त्याने सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडलं नाही. तसाच धरून आत नेला.

"आधी ऐकून घे! माझा आजचा दिवस..."

काका उठून उभे राहिले होते. त्यांनी त्याच्याकडे नीट, अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"बापाचं नाव?"

"शालोम," एझ्रा दम खात म्हणाला. "शालोम कासूकर. का?"

"शिव्या मागनं दे," काका म्हणाले. "पयली टोपी घाल बाबा."

माझी टोपी रघूच्या डोक्यावर होती. रघूने ती काढून एझ्राला घातली, शाल दिली, हाताचा पट्टा सोडून दिला. एवढं झाल्यावर तो निघून गेला नाही. मागच्या भिंतीला टेकून, डोक्यावर स्वतःची कानटोपी चढवून, हात जोडून उभा राहिला.

पडदा सरकला. सेफेर बाहेर आला. काकांनी तो छातीशी धरला, एखादं मूल धरावं तसा, आणि सगळ्यांसमोरून नेला. मामांनी त्याला हात लावला तेव्हा ते रडत होते, एका डोळ्याने, कारण दुसऱ्याला रडायला डॉक्टरांची बंदी होती. काकांनी वाचलं. दोन वर्षांत एक अक्षर विसरले नव्हते. "उभा राहो एझ्रा बेन शालोम," म्हणाले, तेव्हा तो धुळीचा पुतळा पुढे झाला, आणि माझ्याकडे जळजळीत नजरेने बघत त्याने सगळे आशीर्वाद बिनचूक म्हटले. मुंबईने काही वाया घालवला नव्हता!

साडेअकराला मलिदा झाला. गोड पोहे, खोबरं, फळं. रघूला पहिलं ताट काकींनी स्वतः दिलं. त्याची मुलगी सगुणा तिथेच दोन गल्ल्या पलीकडे दिलेली, ती बापाला शोधत आली होती. "बाई गो! बाबा, तुमी यांच्यात कसं आलात?" तिला काही समजेना. रघू म्हणाला, "जीपमदनं." दोघं बोलत बोलत चालत तिच्या घराकडे गेली.

बाराला मुंबईची गाडी आली. काकींना बायकांनी बसवलं. काका शेवटी आले. कुलूप लावलं, किल्ली कमरेची काढली आणि एझ्राच्या हातात ठेवली. मला वाटलं होतं मला देतील. पण किल्ली सांभाळणारा चेहरे ओळखणारा हवा, हे मलाही पटलं.

मग काका वळले आणि त्यांनी एक गोष्ट केली. बोट वर करून आम्हाला मोजायला लागले. मोठ्याने. "एक... दोन... तीन..."

"अहो! काय करताय!" गाडीतून काकी ओरडल्या.

"मोजू दे," काका म्हणाले. "परत कधी मोजणार मी?" आणि त्यांनी नऊपर्यंत मोजलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून 'दहा' म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही हात हलवत होतो. मी मेलो तरी ते बोट विसरणार नाही. त्यानंतर रोह्यात दहा कधी जमले नाहीत.

परत निघताना मी शहाणा झालो होतो. सायकलींचं नावसुद्धा काढलं नाही. काकांनी मोजली तर मी का नको? बोट करून, तोंड बघून, नावानिशी माणसं मोजली. अष्टमकर थोरला, अष्टमकर धाकटा, मामा, एझ्रा, मी. पाच! एझ्रा पुढे, माझ्या जागेवर, मला न विचारता बसला. त्याची लाल सायकल शिवाने वर टाकली. मी मागे बसलो, मामांच्या तावडीत.

कासूला एझ्रा उतरला, शिवाने लाल सायकल खाली दिली. एझ्राने टपाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि सायकलवर टांग मारून निघाला. गडबला मामा, वडखळला अष्टमकर. एकही माणूस कमी नाही, एकही जास्त नाही! पेणला दुकानासमोर उतरलो तेव्हा मी शीळ घालत होतो.

डेबोरा एसटीने माझ्या आधी पोचली होती. दारात उभी राहून ती वर बघत होती.

"ही कुणाची?"

मी वर पाहिलं. टपावर एक सायकल होती. उलटी, चाकं आभाळाकडे. पितळी पट्टी. डावीकडे झोक. तीन पट्ट्यांत अशी घट्ट बसलेली की तसूभर हलली नव्हती.

रघू रोह्याला, त्याची सायकल पेणला!

"उद्या सकाळी टपावर टाकून पाठवतो," मी म्हणालो.

"टपाचं नाव काढायचं नाही," डेबोरा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणून मी घाबरलो. "चालवत न्यायची. स्वतः. आणि रघूभाऊंच्या हातात द्यायची. त्यांचं तोंड बघून!"

आता एक गुपित सांगतो. सायकलच्या दुकानदाराला सायकल चालवायची वेळ येत नाही. मी सायकलवर बसून बारा वर्षं झाली होती.

शुक्रवारी सकाळी निघालो. वडखळपर्यंत पाय गेले, गडबपर्यंत कंबर गेली. गडबला मामांनी हिरवी पट्टी वर करून मला पाहिलं आणि तब्बल मिनिटभर गप्प बसले. कासूचा फाटा ओलांडला आणि फुस्स्! मागचं चाक बसलं. पंक्चर! पेणच्या सायकलवाल्याकडे ना पंप, ना सोल्युशन, ना ठिगळ. सगळं दुकानात.

सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. एक ट्रक गेला. एसटी गेली. मग लांबून ओळखीची जीप दिसली. शिवाची! शुक्रवारी तो नागोठण्यापर्यंत सीटा भरून वडाप करतो. देवच पावला! मी एक हात केला. मग दोन्ही केले. मग उड्या मारल्या.

जीप जवळ आली. शिवाच्या शेजारच्या खिडकीत एझ्रा बसला होता. त्याने मला पाहिलं, सायकल पाहिली, पुन्हा मला पाहिलं. मला ओळखलं, यात काही शंका नाही. मग त्याने हात खिडकीबाहेर काढला, पंजा हलवला आणि मोठ्याने ओरडला,

"गाडी फुल!"

धूळ खाली बसेपर्यंत मी तसाच उभा होतो. खोटं कशाला बोलू, मागच्या बाकांवर फक्त तीन माणसं होती. मी बोट करून मोजली.